चष्मा राहिला

शॉमबर्गच्या आमच्या भाड्याच्या टाउनहाउसला एक गॅरेज होतं आणि ते कायम रिकामं असायचं. अमेरिकेत गॅरेज रिकामं ठेवणारं दुसरं कुटुंब मी पाहिलेलं नाही. शेजाऱ्यांच्या गॅरेजांमध्ये सायकली, ख्रिसमसचे दिवे, दोन घरं बदलूनही न उघडलेली खोकी, आणि गाडी बाहेर बर्फात. आमची मिनीव्हॅनही बाहेर बर्फातच, पण आत काहीच नाही. बाबा दर रविवारी ते झाडून काढायचे. भिंतीला एक खिळा, त्याला कोल्हापूरहून आणलेली स्टीलची पट्टी टांगलेली, कोपऱ्यात पान्यांची पेटी, एवढंच सामान. त्या जागेवर एक गाडी यायची होती. आई नागपूरची. तिला तिथे तांदळाची पोती आणि दिवाळीची मोठी भांडी ठेवायची होती. "लोकं देवघर मोठं ठेवतात, हे गॅरेज मोठं ठेवून राहिले," ती फोडणीच्या आवाजावर आवाज चढवून म्हणायची, आणि बाहेरच्या खोलीतून बाबांचं ठरलेलं उत्तर यायचं: "ग्रीन कार्ड आलं की."

या तीन-चार शब्दांवर आमचं घर चालायचं. सोफा नवा कधी घ्यायचा, ग्रीन कार्ड आलं की. कुत्रा पाळायचा, ग्रीन कार्ड आलं की. स्वतःचं घर, भिंतीला पिवळा रंग, आजीला भेटायला निवांत महिनाभर जाणं, सगळं त्या कार्डाच्या पलीकडे रचून ठेवलेलं. बाबा एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळत. बढती घेतली तर कामाचं वर्णन बदलेल, कामाचं वर्णन बदललं तर अर्ज नव्याने करावा लागेल, म्हणून त्यांनी बढती नाकारली आणि त्याच खुर्चीवर बसून केस पांढरे केले. तो अर्ज त्यांच्या कंपनीने भरला तेव्हा मी दुसरीत होते. कार्डांची रांग जन्माच्या देशाप्रमाणे लागते, आणि आमच्या देशाची रांग सगळ्यात लांब. मी तीन वर्षांची असताना बाबांच्या व्हिसाच्या सावलीत आले. ती सावली एकविसाव्या वाढदिवसापर्यंत पुरते. त्या दिवशी कायद्याच्या लेखी मी त्यांची मुलगी राहत नाही: दुसरा व्हिसा शोधा, नाहीतर बॅग भरा. माझी धाकटी बहीण रेवा इथे जन्मली, म्हणून ती अमेरिकन. एकाच ताटातली भाजी ओढून घेणाऱ्या आम्ही दोघी, पण एकीने निघून जायचं आणि दुसरीने राहायचं हे आमच्या जन्माच्या दाखल्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. हा कायदा लिहिणाऱ्यांच्या घरी मुली नसाव्यात असं मला तेव्हा वाटायचं. आता माहीत आहे, असतात. त्यांनी विचारच केलेला नसतो.

आत्मकथन लिहायचं माझं वय नाही. तिशी नुकतीच ओलांडली आहे. पण दमायचं तरी कुठे वय होतं? मी पत्रकं लिहायला शिकले ती अठराव्या वर्षी, माझ्यासारख्याच मुलामुलींच्या एका गटात. एक पान, तीन घड्या. पहिल्या घडीवर चेहरा, मधल्या घडीवर अन्याय, शेवटच्या घडीवर वाचणाऱ्याने काय करायचं ते. लांब वाक्य दिसलं की कापायचं. त्यामुळे हे प्रकरण लिहिताना हात सारखा कात्रीकडे जातो. पण तो उन्हाळा तीन घड्यांत बसत नाही. मी खूपदा प्रयत्न केला आहे.

माझा एकविसावा वाढदिवस जुलैत होता. मे महिन्यात एका संध्याकाळी बाबा जेवताना म्हणाले, "आपण बॉनव्हिलला जाऊ या. गाडीनं. वाटेतली गॅरेजं बघत बघत." बॉनव्हिल म्हणजे युटामधलं मिठाचं अफाट मैदान, तिथे लोक गाड्यांचे वेगाचे विक्रम करतात. बाबांनी त्याचे फोटो कोल्हापूरला उद्यमनगरजवळच्या घरात, लेथ मशीनच्या आवाजात, कुठल्यातरी जुन्या मासिकात पाहिले होते. आणि गॅरेजं म्हणजे हॉट रॉडची गॅरेजं. हॉट रॉड म्हणजे काय, तर आजोबांच्या काळातली गाडी घ्यायची, तिचं छप्पर कापून खाली आणायचं, पुढे भलंमोठं इंजिन बसवायचं आणि तिला इतकी पळवायची की आजोबांनी डोळे मिटून घ्यावेत. बाबांना असली एक गाडी स्वतःच्या हाताने उभी करायची होती. आईचा घास हातातच राहिला. आमच्या घरात ग्रीन कार्डाच्या आधी काहीतरी घडण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि मला त्याचा आनंद झाला नाही. भीती वाटली. बाबांनी आशा सोडली असावी, असं वाटलं.

निघालो तेव्हा मिनीव्हॅनमध्ये माणसांपेक्षा खाणं जास्त होतं. आईने तिखट-मिठाच्या पुऱ्या, भाजके पोहे घालून केलेला चिवडा, दशम्या, मेतकूट आणि राइस कुकर घेतला होता. बाबांची कांदा-लसूण चटणी वेगळ्या डब्यात, तो डबा एका पिशवीत आणि ती पिशवी आणखी एका पिशवीत, तरी आयोवा संपेपर्यंत सीटबेल्टलासुद्धा लसणाचा वास येत होता. मोटेलच्या फुकटच्या नाश्त्यातल्या अंड्यावर बाबा ती चटणी भुरभुरवायचे आणि समोरच्या ट्रकवाल्याला म्हणायचे, "ट्राय?" रेवा चौदा वर्षांची होती. ती कानात इअरफोन घालून खिडकीला डोकं टेकायची आणि म्हणायची, "आय डोन्ट नो दीज पीपल." आई पुढे, बाबांच्या शेजारी. मी आणि बाबा आळीपाळीने चालवायचो. माझ्या लायसन्सची मुदत माझ्या वाढदिवसालाच संपणार होती. मी गाडी चालवायला बसले की रेवा हे मोठ्याने वाचून दाखवायची. आम्ही हसायचो. अशा गोष्टींवर हसायची सवय लागते. चांगली नाही ती सवय.

आयोवात एक, नेब्रास्कात दोन गॅरेजं पाहिली. बाहेरून पत्र्याची शेड, आत तेलाचा, वेल्डिंगचा आणि शिळ्या कॉफीचा वास, रेडिओवर कुणीतरी गिटारवर रडतंय. बाबा आत शिरले की आधी समोरच्या गाडीच्या मडगार्डला दोन बोटं लावायचे आणि ती कपाळाला लावायचे, देवळाच्या पायरीला लावतात तशी. मग हात मागे बांधून गाडीभोवती फिरायचे. कशालाही हात लावायचे नाहीत. "बाबा, ते म्हणतायत बसा आत," मी म्हणायचे. "नको, बघतो की," ते म्हणायचे. एका जुन्या मातीच्या रेसट्रॅकवरही थांबलो. कधीच बंद पडलेला, प्रेक्षकांच्या फळ्यांवर गवत वाढलेलं. बाबा एकटेच त्या लंबगोलावरून चालत पूर्ण फेरी मारून आले. आई गाडीच्या सावलीत उभी राहून पाहत होती. "अख्खा जन्म हा माणूस गोल फिरून राहिला," ती म्हणाली, आणि मग त्यांच्यासाठी थर्मासमधला चहा ओतून ठेवला.

मी मात्र कामावर होते. प्रत्येक गॅरेजच्या काउंटरवर जुन्या इंजिनांच्या जाहिरातींचे कागद पडलेले असतात. त्यांच्यात मी माझी पत्रकं सरकवून ठेवायचे. पहिल्या घडीवर माझाच फोटो होता, खाली माझं नाव. शहरातल्या सहमत माणसांना पत्रकं वाटून काही होत नाही, जो सहमत नाही त्याच्या हातात कागद पडला पाहिजे, हे आमच्या गटाचं म्हणणं होतं आणि मला ते फार पटलं होतं. नेब्रास्कातल्या एखाद्या वेल्डरने ते उचललं असेल, बायकोला दाखवलं असेल, असा विचार करत मी पुढचे मैल काढायचे. प्रत्येक ठिकाणाहून निघताना बाबा गाडीत बसायचे, पट्टा लावायचे, खिसा चाचपायचे आणि म्हणायचे, "चष्मा राहिला." मग परत आत जाऊन यायचे. माणूस थकलाय, विसरतोय, असं मला वाटायचं. दर वेळी वाईट वाटायचं.

वायोमिंगमध्ये एका पेट्रोल पंपावर आम्ही जेवायला थांबलो. तिथे वारा असा की गाडीचं दार उघडायला दोन हात लागतात. आई पंपाच्या दुकानात गरम पाणी मागायला गेली होती. मी चटणीचा डबा काढायला पिशवी उघडली, तिच्या आतली पिशवी उघडली, आणि डब्याखाली माझा चेहरा दिसला. मग आणखी एक. सगळी पत्रकं होती. आयोवातली, नेब्रास्कातली, सगळी, नीट एकावर एक रचलेली, वर रबर लावलेलं.

"बाबा, हे काय आहे?"

बाबांनी पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे पाहायला लागले. "वाऱ्यात उडतील ती. आत ठेव."

"तुम्ही चष्म्याच्या नावाखाली ही उचलून आणत होतात?"

"अगं, तुझं नाव हाय त्यावर. फोटो हाय. कोण कसला माणूस असतो, आपल्याला काय म्हाईत. उद्या मुलाखतीला बसलीस आणि समोरच्यानं हे काढलं टेबलावर, तर?"

"कुठली मुलाखत, बाबा? माझा नंबरच येणार नाहीये. सहा आठवड्यांनी मी तुमच्या अर्जातच नाहीये."

"आवाज करणाऱ्याचं काम आधी अडतं. मी बघितलंय ऑफिसात."

"तुम्ही इतकी वर्षं आवाज नाही केलात. काय झालं?"

रेवाने एक इअरफोन काढला आणि म्हणाली, "आर वी रिअली डूइंग धिस ॲट अ गॅस स्टेशन?" तेवढ्यात आई गरम पाणी घेऊन आली, माझ्या हातातले कागद तिने पाहिले, आणि तिला आश्चर्य वाटलं नाही हे मला लगेच कळलं. "तुला माहीत होतं," मी म्हणाले. "रबर कोणी लावलं मग?" आई म्हणाली. "फेकून देत होते का ते? मी म्हटलं, पोरीनं मेहनतीनं केलं आहे, ठेवा नीट. जेव आता, पुऱ्या वातड होऊन राहिल्या." आम्ही वाऱ्याकडे पाठ करून पुऱ्या खाल्ल्या. भांडण संपलं नव्हतं, फक्त सगळ्यांच्यातलं त्राण संपलं होतं. आज कुणी मला विचारतं, घरचे पाठीशी होते का, तेव्हा मला ते रबर आठवतं. हो म्हणायचं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

शेवटचं गॅरेज त्याच दुपारी होतं, हमरस्त्यापासून थोडं आत. मालक रॉय नावाचा उंच, वाकलेला म्हातारा. गुडघे गेले म्हणून तो गॅरेज बंद करणार होता. आतल्या गाड्या विकून झाल्या होत्या, एकच उरली होती: तिसाच्या दशकातल्या गाडीचा नुसता सांगाडा, छप्पर कापून जोडलेलं, रंग नाही, इंजिन नाही, लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेला. बाबांनी मडगार्डला बोटं लावली, कपाळाला लावली. आणि मग, सगळ्या प्रवासात पहिल्यांदा, तळहात त्या पत्र्यावर ठेवला आणि छपराच्या जोडावरून सावकाश फिरवला. कितीतरी वेळ. रॉय त्यांच्याकडे बघत होता. बोलणं इंग्रजीत झालं, मी मला आठवतं तसं सांगते.

"घेऊन जा," रॉय म्हणाला. "किमतीचं बघू. मला ती भंगारात घालवत नाही. जागा आहे घरी?"

"जागा आहे," बाबा म्हणाले. जागा तर होतीच, झाडलेली. मग सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, "ग्रीन कार्ड आलं की घेईन."

"कधी येतंय?"

या प्रश्नाला बाबांचं उत्तर 'लवकरच' असं होतं. ऑफिसात, देवळात, आजीला फोनवर, सगळीकडे 'लवकरच'. मी दाराशी उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हात पत्र्यावरच होता. "माहीत नाही," ते म्हणाले. "पण हिच्यासाठी वेळेत येणार नाही." आणि मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. त्यांच्या सपाट कोल्हापुरी इंग्रजीत, सॉफ्टवेअरमधली चूक समजावून सांगावी तशा स्वरात, रांग, बढती, माझं वय, रेवाचा जन्म. मी हे शेकडो वेळा सांगितलं आहे, सभागृहांत, माइकवर. इतकं कंटाळवाणं आणि इतकं खरं मी कधी सांगितलेलं नाही.

रॉयने सगळं ऐकलं. मान हलवली. आणि मनापासून, खरोखर मदत करावी म्हणून विचारलं, "मग तुम्ही सरळ अर्ज का करत नाही?"

बाबा हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग ते शेजारच्या टायरवर बसले आणि डोळे पुसायला लागले. आई घाबरली. "अहो, पाणी आणू का?" बाबांना बोलता येईना. रॉय माझ्याकडे बघत म्हणाला, "मी काही चुकीचं बोललो का?" मी म्हणाले, "अर्ज केला आहे. मी दुसरीत होते तेव्हा."

रॉयने बाबांकडे पाहिलं. मग म्हणाला, "मला वाटायचं हे सगळं दुसऱ्या कुठल्यातरी लोकांबद्दल चाललंय." हे वाक्य मी त्यानंतर फार ऐकलं. गोऱ्यांकडून ऐकलं, आणि शॉमबर्गच्या आमच्या काका-काकूंकडूनही ऐकलं. तेही म्हणतात, आपण रीतसर आलोय, आपण काय त्या दुसऱ्यांसारखे आहोत का. प्रत्येकाला कुणीतरी दुसरे लागतात. मधल्या घडीवर हे एकच वाक्य छापावं, असं मला बऱ्याचदा वाटतं.

बाबा टायरवरूनच मला म्हणाले, "दे की त्यांना तुझा कागद." भांडणानंतर मी एकही सोबत आणला नव्हता. आई गाडीकडे गेली आणि रबर लावलेला गठ्ठा घेऊन आली, सोबत पुऱ्यांचा डबा. वरच्या पत्रकावर चटणीचं तेल उतरलं होतं, माझ्या कपाळावर एक लालसर डाग. रॉयने कागद हात लांब करून वाचला, तिन्ही घड्या उलगडून, ओठ हलवत. मग नाकाशी नेला. "वास जेवणाचा येतोय," तो म्हणाला. आईने त्याच्या हातावर दोन पुऱ्या ठेवल्या. काउंटरमागच्या फळीवर गिअरबॉक्स विकणे आहे, ट्रेलर भाड्याने मिळेल असले कागद होते; त्यांतला एक बाजूला सरकवून रॉयने माझं पत्रक टाचणीने लावलं. जगात काही बदललं नाही. तो गॅरेज बंद करणार होता, फळी कोण वाचणार होतं? पण मी पत्रक ठेवलं नव्हतं, मागून घेतलं गेलं होतं. तोवर असं कधी झालं नव्हतं.

आम्ही गाडीत बसलो. बाबांनी पट्टा लावला, खिसा चाचपला आणि म्हणाले, "चष्मा राहिला."

रेवाने दोन्ही इअरफोन काढले. आई समोरच्या काचेतून सरळ पुढे बघत राहिली. बाबा उतरले, आत गेले, आणि मी मनात म्हटलं, जाऊ दे, काढून आणू देत, मला आता भांडायचं नाही. ते बाहेर आले तेव्हा चष्मा नाकावर होता. हातांत काही नव्हतं. त्यांच्या मागे दाराच्या काचेतून फळीवरचा माझा डागाळलेला चेहरा दिसत होता. "टायरवर राहिला होता," बाबा म्हणाले आणि त्यांनी गाडी चालू केली.

बॉनव्हिलला दुसऱ्या दिवशी पोचलो. शर्यती नव्हत्या. मैदानाच्या कडेला अजून बोटभर पाणी होतं, त्यामुळे गाडी आत नेता आली नाही. बाबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला हातात घेतल्या आणि पाण्यातून पलीकडच्या कोरड्या मिठापर्यंत चालत गेले. तिथे उभे राहून चारी बाजूंना बघितलं. आईने मिठाचा खडा जिभेला लावला आणि म्हणाली, "लोणच्याले चालून जाईल." परत येताना बाबांच्या पायांवर पांढरं पीठ वाळलेलं होतं, ते शॉमबर्गपर्यंत गाडीत सांडत राहिलं.

जुलैत माझा विद्यार्थी व्हिसा झाला, बाबांच्या घरातली मी परदेशी पाहुणी झाले. त्यानंतर कामाचा व्हिसा, आणि आता माझी स्वतःची रांग, अगदी शेपटाला. त्या ऑगस्टमध्ये आमच्या गटाला पत्रकं दुमडायला जागा हवी होती. मी घरी विचारलंही नव्हतं. एका रविवारी बाबांनी गॅरेज झाडलं, घडीची दोन टेबलं आणून मांडली आणि खिळ्यावरची स्टीलची पट्टी खाली काढली. ती घडीवर दाबून फिरवली की कागदाची कड अशी बसते की जणू यंत्राने दुमडला. तेव्हापासून दर रविवारी मुलं येतात, आई चहा आणि पोहे करते, आणि बाबा टेबलाच्या टोकाला बसून पट्टी फिरवतात. नवी मुलं येतात, एकविशीची होऊन जातात. बाबा त्यांची नावं विसरतात, घडी विसरत नाहीत. गॅरेजमध्ये आता पाय ठेवायला जागा नाही.

बाबांचं कार्ड आलं. त्यांच्या रांगेतून नाही आलं. रेवा एकवीस वर्षांची झाली, अमेरिकन मुलीने आईबापांसाठी अर्ज केला, आणि ज्या दारासमोर ते अर्धं आयुष्य उभे होते त्याच्या शेजारचं दार उघडून त्यांना आत घेतलं गेलं. बहिणीसाठीही तिला अर्ज करता येतो. ती रांग माझ्या रांगेहून लांब आहे. लिफाफा आला त्या दिवशी आईने दोन्ही कार्डं देवापुढे ठेवली आणि हळदकुंकू वाहिलं. रेवा म्हणाली, "दॅट्स इट? इट लुक्स लाइक अ जिम मेंबरशिप." आई गॅरेजच्या दारात जाऊन म्हणाली, "अहो, उचला आता ही टेबलं. आणा तुमची गाडी."

बाबांनी हातातल्या कागदावर पट्टी फिरवली. "मोठीचं आलं की," ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, बाबा, हे पुन्हा सुरू करू नका, माझी रांग तुमच्याहून लांब आहे, तुम्ही सत्तरीला आलात, गाडी आणा. त्यांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला. "हे बघ की जरा," ते म्हणाले, "मधल्या घडीवर शाई फुटलीया."